अंधाऱ्या टाकीतलं पीक

अन्याय माझ्या आईवर झाला. रविवारी, सकाळी अकरा वाजून पाच मिनिटांनी, गंगापूर रोडवरच्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये. प्लॅस्टिकच्या सव्वीस खुर्च्यांवर बसलेल्या माणसांनी हात वर केले आणि तळमजल्याच्या पॅसेजमधल्या कुंड्या दोन दिवसांत हटवायचं ठरलं. कुंड्या चौदा होत्या आणि चौदाच्या चौदा माझ्या आईच्या होत्या. ठराव वाचला सचिव देवरे काकांनी, चष्मा कपाळावर चढवून, मीटरचं रीडिंग वाचावं तशा आवाजात. ते ज्या खांबापाशी उभे होते, बरोबर तिथं चार वर्षांपूर्वीपर्यंत आमच्या मेथीचा वाफा होता. आख्खी सोसायटी आमच्या मळ्यावर उभी आहे. आईनं त्या जमिनीत तीस वर्षं मेथी, कोथिंबीर, शेपू काढला, दसऱ्याला शेवंती काढली, आणि त्याच जमिनीवर तिला चौदा कुंड्यांपुरतीही जागा नाही असं सव्वीस हातांनी ठरवलं. मी मागे उभी राहून ओरडले. ते इतिवृत्तात कुणी लिहिलं नाही, म्हणून इथे लिहिते.

मी तेव्हा वीस वर्षांची होते. नदीकाठची झाडं तोडू नयेत म्हणून भांडणाऱ्या एका गटात होते आणि गटाची पत्रकं मीच लिहायचे. तिथं मला शिकवलं होतं की आधी नाव घे, मग वेळ सांग, मग रागाव. ‘काही लोकांवर कधीकधी अन्याय होतो’ असलं वाक्य लिहिणाऱ्याला आमच्यात चहासुद्धा मिळायचा नाही. माझी पक्की खात्री होती की माणसं दोनच प्रकारची असतात, पत्रक लिहिणारी आणि ज्यांच्यावर पत्रक लिहावं लागतं ती. आता तिशी उलटली तरी लिहिण्याची खोड गेलेली नाही, पण ती खात्री जरा सैल झालीय. ती कशी सैल झाली ते सांगायचंय. त्यात मोर्चा नाही, घोषणा नाही. एक काचेची टाकी आहे आणि तिच्यात तीन प्रकारची झाडं.

टाकी आमच्या घरात आली नव्हती, आम्ही तिच्या घरात आलो होतो. जमिनीच्या बदल्यात मिळालेल्या फ्लॅटांतून एक स्वतःला निवडायची वेळ आली तेव्हा आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तळमजल्यावरचा सॅम्पल फ्लॅट निवडला. गिऱ्हाइकांना दाखवायला बिल्डरनं सजवलेला. “आयतं कपाट हाय, आयता सोफा हाय, वर चढायला नको,” हे त्यांचं गणित. हॉल आणि स्वयंपाकघराच्या मधल्या भिंतीत तीन फूट लांबीची मासेटाकी बसवलेली होती, छताला दिवेच दिवे होते, आणि त्या उजेडात सगळं कसं झगझगायचं. आम्ही राहायला जायच्या आदल्या दिवशी बिल्डरची माणसं ते दिवे काढून पुढच्या सॅम्पल फ्लॅटला घेऊन गेली. मग कळलं की ह्या घरात ऊन येतच नाही. खिडकीसमोर दोन हातांवर बी विंगची भिंत. दुपारी बारालाही भाजी निवडायला ट्यूब लावावी लागे. आई पहिल्याच दिवशी म्हणाली, “घर नाय हे, कणगी हाय. दाणं भरा आन् वरून लिंपून टाका.”

तरी ते घर वाईट नव्हतं, हेही सांगितलं पाहिजे. सकाळी लिफ्टमधली बाई कुणालातरी दरवाजा बंद करायला विनवत असायची, आण्णा रेडिओचं बटण फिरवत बातम्या शोधत असायचे, आणि आई परातीत बाजरीची भाकरी थापत असायची. भाकरीबरोबर खुरासणीची चटणी. ती घोटीहून मामा पाठवायचा, इंद्रायणी तांदळाच्या पोत्यासोबत. तो भात शिजायला लागला की वास पॅसेजमधून दुसऱ्या मजल्यापर्यंत जायचा आणि वरच्या बायका विचारायच्या, “वहिनी, आज काय?” आईला असं कुणी विचारलेलं आवडायचं. दुपारी ती पॅसेजमध्ये पाट टाकून बसायची, कुंड्यांतली कोथिंबीर खुडायची, दोन काड्या ह्या घरी, चार त्या घरी. हिच्याच हातची कोथिंबीर खाऊन ह्याच लोकांनी हात वर केले. आजही लिहिताना कान तापतात.

कुंड्या गेल्यावर आईनं भांडण केलं नाही. केलं असतं तर बरं झालं असतं. तिचे हात रिकामे झाले. बाजारातून आणलेली मेथीची जुडी ती सोडायची, निवडायची, आणि निवडलेल्या काड्यांची पुन्हा जुडी बांधायची, गाठ मारायची, आणि मग तिच्याकडे बघत बसायची. पंधरवड्यानं एकदा जेवताना तिनं भाकरीचा तुकडा मोडला आणि म्हणाली, “मी घोटीला जाते, भाऊकडं. आवणी तोंडावर आलीय.”

“जा की,” आण्णा म्हणाले. “दरसाल जातीस. आठ दिस हातभार लाव, ये.”

“यायची नाय.”

आण्णांचा घास हातात राहिला. “म्हंजी?”

“म्हंजी तिथंच राहते. तुम्ही दोघं करून खाता, मला ठावं हाय. ह्या घरात काय बी उगवत नाय. मी मातीतली बाई. मला इथं बुरशी येईल.”

ती चिडून बोलत नव्हती, म्हणून जास्त भीती वाटली. आवणीला, म्हणजे भाताची रोपं चिखलात लावायच्या दिवसांना, दोन महिने होते. दुसऱ्या दिवशी तिनं कपाटावरची बॅग खाली काढून पुसून ठेवली. बॅग दिसेल अशी सोफ्याशेजारीच ठेवली.

टाकी आठवली ती मला. आम्ही तिच्यावर चादर टाकून ठेवली होती, कारण आतलं आईला बघवायचं नाही: पोपटी प्लॅस्टिकची झुडपं, जांभळं प्लॅस्टिकचं गवत आणि झाकण उघडणारी प्लॅस्टिकची तिजोरी. मी चादर ओढली आणि म्हटलं, “आई, ह्यात खरी झाडं लावू. पाण्यात वाढणारी.”

“ह्या अंधारात?”

“लावून बघू.”

तिनं एक पोपटी झुडूप बाहेर काढलं, अंगठ्यानं पान चोळलं, वास घेतला. “तीस वर्सं भाजी पिकवली आन् घरात हे ठेवलं,” ती म्हणाली, आणि सगळं प्लॅस्टिक उपटून बादलीत टाकलं. मासे आणूया का विचारलं तर म्हणाली, “आधी चारा, मग जनावर.”

मासे विकणाऱ्या एका चकचकीत दुकानात मी आईला घेऊन गेले. दुकानाचं नाव सांगत नाही, असली दुकानं शेकड्यानं आहेत. मी स्पष्ट सांगितलं: घरात अंधार, टाकीवर एक साधी पट्टीची ट्यूब, आम्ही दोघी नवशिक्या. दुकानदारानं मान हलवली आणि आम्हाला दिली लालभडक पानांची काडी आणि खालच्या खडीवर हिरवळ पसरवणारं बारीक गवत. “बेस्ट आयटम ताई, एकदम नॅचरल लूक येईल.” आज मला माहीत आहे की त्या दोन्हींना पाण्याखालच्या झाडांतला सर्वांत कडक उजेड लागतो, शिवाय पाण्यात कार्बन डायऑक्साइड सोडायची नळी लागते. अंधाऱ्या घराला ती झाडं देणं म्हणजे उपाशी माणसाच्या हातात पंगतीचं आमंत्रण देऊन पंगत कुठं आहे ते न सांगणं. आठ दिवसांत लाल काडी तपकिरी झाली आणि गवत विरघळलं.

आईनं मात्र त्याचा अर्थ तिच्या पद्धतीनं लावला. पीक पिवळं पडलं, म्हणजे खत कमी. मी गटाच्या बैठकीला गेले होते. परत आले तर सोसायटीच्या फाटकापासूनच वास. आईनं चुलतभावाकडून लेंडीखत मागवलं होतं, शेळ्यांचं, चांगलं मुरलेलं, आणि ओंजळभर खत खडीखाली दाबलं होतं. मळ्यात हा तिचा रामबाण होता. पडलेला शेपूसुद्धा ह्यानं उभा राहायचा. टाकीतलं पाणी काळ्या चहासारखं झालं होतं आणि वर फेस आला होता. आण्णा ताट घेऊन जिन्यात बसून जेवत होते. मला बघून म्हणाले, “तुझ्या आईनं घरात उकिरडा घातलाय. काचेचा.”

त्या वासानं देवरे काका आमच्या दारात आले. तक्रार आली म्हणून, सचिव ह्या नात्यानं. काका सटाण्याकडचे, कॉलेजच्या प्रयोगशाळेत साहाय्यक म्हणून नोकरी करून निवृत्त झालेले, वरच्या मजल्यावर एकटे राहायचे. कुंड्यांच्या ठरावानंतर आमच्या घरातलं कुणी त्यांच्याशी बोललं नव्हतं. मी दारात आडवी उभी राहिले.

“कुंड्या नेल्या, आता काय टाकी न्यायला आलात?”

“वास कसला आहे ते बघायला आलोय,” ते म्हणाले, आणि माझ्या खांद्यावरून आत बघून त्यांच्या तोंडून त्यांची घरची बोली निघाली, “व माय! हाई काय शे?”

“लेंडीखत,” आई आतून म्हणाली. तिच्या आवाजात अजिबात लाज नव्हती.

काका हसले नाहीत. चपला काढून आत आले, टाकीसमोर उकिडवे बसले, बोट पाण्यात बुडवून हुंगलं. मग म्हणाले, “ताई, हे सगळं उपसा. खडी दहा पाण्यांनी धुवा. उद्या संध्याकाळी मी येतो.” आणि गेले. मी आईला म्हटलं, हा माणूस टाकी बंद करायचा ठराव घेऊन येणार. आई म्हणाली, “मग ठराव वाचू. आधी बादली आण.”

ते आले ओल्या वर्तमानपत्राची गुंडाळी घेऊन. त्यांच्या हॉलसमोरही बी विंगचीच भिंत होती आणि जुन्या घरातून आणलेली त्यांची अकरा वर्षांची टाकी तिथं साध्या ट्यूबवर हिरवीगार होती, हे आम्हाला तेव्हा कळलं. त्यांनी गुंडाळी स्वयंपाकघराच्या ओट्यावर उलगडली आणि माझी आई, जी त्यांच्याशी महिनाभर बोलली नव्हती, पुढं वाकली. रोप बघितल्यावर तिला अबोला राखता येत नाही.

पहिलं होतं जावा फर्न, चिंचोळ्या, चामड्यासारख्या पानांचं, एका दगडाला आधीच चिकटलेलं. एका पानाच्या पाठीवर इवली इवली पिल्लं फुटली होती. “ही तर पानफुटीची बहीण,” आई म्हणाली. दुसरं अनुबियास, जाड गोल पानांचं, आडव्या हिरव्या गड्ड्यातून वाढलेलं. तिसरं क्रिप्ट, तपकिरी-हिरव्या लांबट पानांचं, खाली पांढरी मुळं लोंबणारं. आई म्हणाली, घोटीला बापाच्या शेताकडेच्या ओहोळात असलंच काहीतरी असायचं, म्हशी खात नसत.

“खत किती?” तिनं विचारलं.

“खत नाही.”

“आन् पाणी किती दिसांनी घालायचं?”

“ताई, पाण्यातच आहे ते.”

दोघं हसले. मी नाही हसले. काका सांगत गेले: ट्यूब दिवसाला सात-आठ तास, जास्त नको, नाहीतर शेवाळ माजतं. आठवड्याला चौथाई पाणी बदला. क्रिप्टची मुळं खडीत खोचा. “आणि अनुबियासचा गड्डा गाडायचा नाही. दगडाला बांधायचा, उघडा ठेवायचा.”

आई थबकली. “गड्डा उघडा?”

“उघडा.”

“आल्याचा गड्डा उघडा ठिवला तर सुकून जातो. हळदीचा बी.”

“हे आलं नाही, ताई.”

“गड्डा तो गड्डा. जमिनीवर ठिवलेला गड्डा मी आजवर बघितला नाय.”

पाव तास त्यांचा गड्ड्यावर वाद चालला. आण्णा रेडिओ बंद करून ऐकायला आले. आल्याची भर, हळदीची भर, रताळ्याचा वेल, सगळं निघालं. तेवढ्यात काकांना फोन आला, सटाण्याला त्यांच्या भावाकडे काहीतरी निघालं होतं, त्यांना पहाटेची गाडी पकडायची होती. ते घाईनं गेले. त्यांना अजून एक गोष्ट सांगायची होती आणि ती राहून गेली. ती आम्हाला माहीत असती तर पुढचं काहीच घडलं नसतं.

काका गेल्यावर आईनं क्रिप्ट शिस्तीत लावलं, दोन बोटांच्या चिमटीत बुंधा धरून, कांद्याचं रोप लावतात तसं, सारख्या अंतरावर. जावा फर्नचा दगड कोपऱ्यात ठेवला. मग अनुबियास हातात घेतलं. माझ्याकडे एकदा बघितलं आणि गड्डा चांगला दोन बोटं खडीत गाडला, वर खडीची भर घातली. मी तिला अडवलं नाही. सचिवापेक्षा माझ्या आईला लागवडीतलं जास्त कळतं, असं माझं मत होतं.

आठवडा छान गेला. खरंच छान गेला. आई उठल्या उठल्या चहाच्या आधी टाकीशी जायची. भाकऱ्या थापताना मान वळवून बघायची, कारण टाकी स्वयंपाकघरातूनही दिसायची. आण्णांनी त्यांची खुर्ची तिकडे तोंड करून ठेवली आणि बातम्या त्या बाजूला बसून ऐकायला लागले. बॅग सोफ्याशेजारीच होती, पण आईनं तिच्यावर धुतलेल्या कपड्यांची चळत ठेवली. मला वाटलं, जमलं.

नवव्या दिवशी सकाळी क्रिप्टची पानं नव्हती. गळली नव्हती, विरघळली होती. काचेला तपकिरी लिबलिबीत चिंध्या चिकटल्या होत्या आणि खडीतून नुसते खुंट वर आले होते. अनुबियासची दोन पानं देठातून सुटून वर तरंगत होती. आई टाकीसमोर उभी राहिली आणि मग आंघोळीला गेली. मी सोफ्याकडे बघितलं. बॅगेवरचे कपडे घड्या करून कपाटात गेले होते.

मग दुसरा अन्याय झाला. देवरे काकांवर. गुरुवारी, सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी, लिफ्टशेजारच्या सूचनाफलकावर. करणारी मी.

मी एका दमात पत्रक लिहिलं. मथळा होता, ‘सचिवांची सडकी देणगी’. त्यात लिहिलं की ज्या माणसानं एका कष्टकरी बाईच्या कुंड्या उचलायला लावल्या, त्यानंच तिला रोगट रोपं देऊन तिची चेष्टा केली; की हे जाणूनबुजून केलं आहे; की सोसायटीनं जाब विचारावा. मोठ्या अक्षरात, लाल पेननं, चार खिळे ठोकून. सोसायटीच्या ग्रुपवर का टाकलं नाही असं आण्णांनी नंतर विचारलं. ग्रुपवर टाकलेलं दहा मिनिटांत शुभ सकाळच्या फुलांखाली वाहून जातं. कागद राहतो. त्या दिवशी कागद राहतो ह्याचाच मला अभिमान होता.

परत आले तेव्हा आई ओल्या केसांनी टाकीपाशी उभी होती आणि तिचा हात कोपरापर्यंत पाण्यात होता. तिनं अनुबियास उपटून ओट्यावर ठेवलं होतं. गाडलेला भाग मऊ, काळा, नासक्या बटाट्यासारखा. “हे माझं पाप,” ती म्हणाली. “त्यानं सांगितलं, मी ऐकलं नाय.” मग तिनं मला बोलावलं. “हात घाल. त्या खुंटाला धर. ओढ.”

“कशाला? मेलंय ते.”

“ओढ म्हंते ना.”

मी क्रिप्टचा एक खुंट चिमटीत धरून ओढला. आला नाही. खडी हलली, खुंट जागचा हलला नाही.

“मेलेलं रोप असं धरून ठेवतं व्हय?” आई म्हणाली. “कांद्याची लागण केली का आठ दिस रान बघवत नाय. सगळी माना टाकतात. नवी माणसं म्हंतात, गेलं. जुनी माणसं काय करतात? बांधावर बसतात. त्यानं खाली मूळ धरलंय, वरचं सोडून दिलंय. शहाणं हाय ते.” हात पुसत ती म्हणाली, “मला बघताच कळायला पायजे होतं. पण पाण्यातलं म्हणून मी माझी अक्कल बाहेर ठिवली.”

“आई, मी बाहेर एक कागद लावलाय.”

“कसला?”

मी सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, आणि मग मला जे बोलली त्यातलं अर्धं छापता येणार नाही. “चल,” ती म्हणाली. ओले केस तसेच, ती पॅसेजमधून चालत गेली, मी मागे. फलकासमोर देवरे काका उभे होते. पाठीवर सॅक, पायात प्रवासाची धूळ, सटाण्याच्या गाडीतून नुकतेच उतरलेले. ते वाचत होते. पूर्ण वाचलं, मग वळले. चेहऱ्यावर राग असता तर मी निभावलं असतं, रागाची मला सवय होती.

“पानं गळाली ना?” त्यांनी विचारलं. “ते सांगायचं राहिलं माझं. क्रिप्ट नव्या जागी आधी सगळी पानं टाकतं, मग तिथल्या पाण्याजोगी नवी काढतं. तुम्ही घाबरला असाल. चूक माझी झाली.”

माझ्यासारखीला ह्याच्यापेक्षा वाईट शिक्षा नाही. मी खिळे काढायला पुढे झाले तर आईनं माझं मनगट धरलं.

“काढू नको. लोकांनी वाचलंय ते. त्याच्याशेजारी दुसरा लाव. एवढ्याच मोठ्या अक्षरात.”

“राहू द्या ताई,” काका म्हणाले.

“तुम्ही गप बसा, भाऊ,” आई म्हणाली. “तुमच्याशी कुंड्यांचं भांडण वेगळं हाय. ते मी करणारच हाय. हे वेगळं.”

मी तिथंच जिन्याच्या पायरीवर बसून लिहिलं. ‘देवरे काकांनी दिलेली रोपं सडकी नव्हती. क्रिप्टची पानं जागा बदलल्यानं गळतात, मुळं जिवंत आहेत. अनुबियास आमच्या चुकीनं सडलं. काकांवरचा आरोप खोटा होता. लिहिणारी: वैशाली, तळमजला.’ आईनं पेन मागून घेतलं. ती तिसरीपर्यंत शिकलेली. माझ्या नावाखाली तिनं सावकाश एकेक अक्षर काढत लिहिलं, ‘गड्डा गाडनारी: तिची आई’. त्यानंतर मी शेकड्यांनी पत्रकं लिहिली. एवढं छोटं आणि एवढं घाम काढणारं दुसरं नाही. दोन्ही कागद आठवडाभर शेजारी शेजारी होते आणि लिफ्टची वाट बघणारी प्रत्येक व्यक्ती दोन्ही वाचायची. पुष्कळांनी मला नंतर सांगितलं की त्यांना पहिला जास्त आवडला होता. लोक तसेच आहेत.

अनुबियासचा सडका भाग आईनं विळीवर कापून टाकला. उरला बोटभर तुकडा, तीन पानं. तो तिनं एका गोट्याला बांधला, शेवंतीचे गजरे बांधायच्या सुती दोऱ्यानं, त्याच गाठीनं. काका बघत होते. म्हणाले, “मी अकरा वर्षं हे रबरानं करतोय. इतकं सुबक कधी झालं नाही.” आई म्हणाली, “तुम्ही वाचून केलं.”

मग थांबणं आलं. मला थांबता येत नाही, तो माझ्या धंद्याचा दोष आहे. मी रोज टाकीत वाकून बघायचे आणि रोज आई म्हणायची, “नजरेनं ओढू नको.” काका संध्याकाळी चक्कर टाकायचे, चहा व्हायचा, कुंड्यांवरून भांडण व्हायचं. त्यांचं म्हणणं, पॅसेज आग लागली तर मोकळा हवा. आईचं म्हणणं, आगीत माणूस पळतो तेव्हा कोथिंबिरीला अडखळत नाही. माझं मत आजही आईच्या बाजूनं आहे. तो ठराव चुकीचा होता आणि तो अजून मागे घेतलेला नाही. दरवर्षी सर्वसाधारण सभेत मी तो विषय काढते आणि दरवर्षी काका चष्मा कपाळावर चढवून उत्तर देतात. घरी येऊन मग आमच्याच टाकीतलं शेवाळ खरवडतात.

पानं गेल्यापासून सोळाव्या दिवशी आईनं मला हाक मारली. ती पीठ मळत होती, हात भरलेले, म्हणून हनुवटीनं दाखवलं. दुसऱ्या ओळीतल्या तिसऱ्या खुंटातून एक पान वर आलं होतं. सुईएवढं, गुंडाळलेलं, तांबूस. आण्णा खुर्चीतून उठून आले, चष्मा लावला, म्हणाले, “हे?” आई म्हणाली, “हे.” आणि परत पीठ मळायला लागली. पण त्या दिवशी भात इंद्रायणीचा झाला, वर तूप जास्त होतं, आणि काकांना वरून जेवायला बोलावलं. जेवताना मामाचा फोन आला. कधी येतेस, खोली रिकामी करून ठेवलीय, असं तो विचारत असावा, कारण आई भाताचा घास गिळून म्हणाली, “आवणीला येते रे. राहायला नाय. मागं पीक हाय माझं.” आण्णांनी मान खाली घालून ताटातलं तूप बोटानं निपटलं. तिनं फोन ठेवला तरी ते बराच वेळ निपटतच होते.

ती आठ दिवस घोटीला गेली आणि नवव्या दिवशी परतली, पोटऱ्यांपर्यंत चिखलाचे डाग घेऊन. तोवर प्रत्येक खुंटाला दोन-दोन पानं होती.

आज त्या टाकीत काच दिसत नाही इतकं क्रिप्ट आहे. दर दोन महिन्यांनी आई फुटवे काढते, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळते आणि ज्याच्या घरात ऊन नाही त्याला देते. देताना सांगते की पानं जातील. लोक हो म्हणतात. आणि दहाव्या दिवशी फेकून देतात. आतापर्यंत किती घरांनी फेकली ते ती मोजते आणि तेवढा दिवस घरात कुणाशी बोलत नाही. जिवंत रोप कचऱ्यात गेलं ह्याचं तिला जे होतं ते मला पत्रकात कधी मांडता आलेलं नाही.

म्हणून आता तुम्हाला सांगते. तुमच्या हॉलमध्ये ऊन येत नसेल आणि टाकी असेल, तर दुकानातल्या लाल पानाकडे बघू नका. क्रिप्ट मागा, अनुबियास मागा, जावा फर्न मागा. मिळालं की लावा. दहाव्या दिवशी क्रिप्ट सगळं विरघळलेलं दिसेल आणि तुमचा हात बादलीकडे जाईल. तो आवरा. त्याऐवजी पाण्यात घाला, खुंट चिमटीत धरा आणि हलकेच ओढा. येत नसेल, तर हात बाहेर काढा, पुसा, आणि एक महिना त्या रोपाला बोट लावू नका.